वाढत्या अंगाचं जॅकेट

मास्तरांची सकाळ मशीनला तेल देण्याने सुरू होई. काम असो वा नसो. तेलाचा थेंब कुठे सोडायचा ते त्यांच्या बोटांना डोळे मिटूनही कळे. मग एका चिंधीवर दोन-चार टिपा मारून बघायच्या, तेलाचा डाग उमटत नाही ना याची खात्री करायची, आणि त्यानंतर चहा. बायको होती तेव्हा म्हणायची, "आधी मशीनचं तोंड धुवा, मग वेळ मिळाला तर स्वतःचं." आता म्हणणारं कोणी नव्हतं. चहा कधी कधी दुपारपर्यंत राहून जाई आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे, मास्तरांना स्वतःलाही नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. पण शाळेशी त्यांचं नातं जुनं. आसपासच्या तीन गल्ल्यांमधली पोरं त्यांच्या हातचे गणवेश घालून शिकली. मास्तरांच्या गणवेशाची ख्याती अशी की एकदा शिवला की पोरगं थकेल पण गणवेश थकणार नाही. त्यातली खुबी होती दुमडींमध्ये. पँटच्या पायाला आतून दुहेरी दुमड, बाहीला एक, कमरेच्या शिवणीत बोटभर कापड राखलेलं. शाळा नव्याने सुरू झाली की आया पोरांना घेऊन येत, मास्तर एक दुमड उसवत आणि पोरगं पुन्हा मापात बसे. "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा हं," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की कोणी न सांगताही त्यांची कात्री मापाच्या जरा बाहेरूनच चाले.

पुढे शाळेने तयार गणवेश विकायला सुरुवात केली. मास्तरांकडे उरल्या नादुरुस्त चेनी, लांब झालेल्या पँटी आणि जाड झालेली माणसं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत पलंग, आणि मध्ये एक पडदा. तो बायकोने लावला होता, गिऱ्हाइकाला घरातला पसारा दिसू नये म्हणून. आता पसारा पडद्याच्या अलीकडे-पलीकडे सारखाच होता.

त्या दिवशी चिंधीवरची टीप अर्ध्यावर असताना दारावर थाप पडली. इतक्या सकाळी गिऱ्हाईक येत नाही. मास्तरांनी दार उघडलं तर वरच्या मजल्यावरची नर्सबाई. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि हात लांब करून फोन पुढे धरलेला, उंदीर शेपटीला धरून आणल्यासारखा.

"मास्तर, तुमचा फोन कुठे असतो?"

"असेल की इथेच. का?"

"असेल की, म्हणे. तुमचा मुलगा माझ्या फोनवर आहे. रात्रपाळी करून आत्ता कुठे डोकं टेकलं होतं. बोला, आणि झालं की फोन माझ्या दारात ठेवून द्या. हाक मारायची नाही."

मास्तरांची बायको आजारी होती तेव्हा मुलाने नर्सबाईचा नंबर घेऊन ठेवला होता. तेव्हापासून बाप सापडला नाही की तो तिला शोधायचा.

"बाबा, अहो फोन का उचलत नाही? घाबरलो ना मी."

"कपड्यांखाली गेला असेल. बोल."

"शनिवारी येतोय आम्ही. माझं ऑफिसचं काम आहे तिथे, दोन दिवसांचं. हिला आणि छोटीला, दोघींनाही घेऊन येतोय."

मास्तरांनी नकळत मागच्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर इस्त्रीचे कपडे होते, ते हलवायला हवेत, गादीला ऊन द्यायला हवं.

"उतरणार मात्र हॉटेलवर," मुलगा म्हणाला. "ऑफिसनेच सोय केलीय. आपल्याकडे उकडतं, छोटीला झोप लागत नाही. तुम्ही या ना तिकडेच, दिवसभर राहा. पोहण्याचा तलावही आहे. हां, बाबा, त्यावरून आठवलं. एक काम कराल? तिला पाण्यात घालायला काहीतरी घेऊन ठेवा. ट्यूब म्हणा, जॅकेट म्हणा, बुडू नये असं काहीतरी. तिचं होतं ते फाटलं आणि आम्हाला इथे दुकानात जायला वेळच होत नाहीये."

"घेतो," मास्तर म्हणाले. "बघून घेतो चांगलं."

फोन वरच्या दारात ठेवून ते खाली आले आणि मशीनपुढे नुसते बसून राहिले. मुलाने बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे काही मागितलं होतं. पैसे तो स्वतः पाठवी, औषधं घरपोच येत. बापाने फक्त तब्येत सांभाळायची. आणि सांभाळलेली तब्येत ठेवायची कुठे, हा मास्तरांना पडलेला प्रश्न होता. आज मात्र काम मिळालं होतं. अगदी ऑर्डर म्हणतात तशी ऑर्डर.

नातीला त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं ते ती दुपट्यात होती तेव्हा. त्यानंतर फोनमध्ये. मनातल्या मनात ते तिला गुंडी म्हणत, कारण फोनच्या काचेवर तिचा चेहरा गोल, घट्ट, टाचलेल्या गुंडीसारखा दिसे. घरात तिचं दुसरंच नाव होतं.

बाजारात खेळाच्या सामानाचं एकच मोठं दुकान. दारात जाळीत भरलेले चेंडू लटकलेले, आत रबराचा वास. दुकानदारीणबाई चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत होत्या. मास्तरांनी कपाळाकडे बोट दाखवलं तशा त्या हसल्या आणि दोन वर्षांच्या नातीला पाण्यात घालायला काहीतरी हवंय हे ऐकून कामाला लागल्या.

काउंटरवर त्यांनी तीन प्रकार मांडले. एक बदकाच्या तोंडाची ट्यूब, एक दंडात घालायच्या फुग्यांची जोडी, आणि एक नारिंगी जॅकेट. जॅकेटमध्ये फोमच्या पट्ट्या, मानेमागे डोकं टेकायला उशीसारखी कॉलर, पुढे दोन कड्या आणि पायांमधून येणारा पट्टा.

मास्तरांनी ट्यूब उलटी करून कडेवरून नख फिरवलं. "हे चिकटवलंय. शिवण कुठे आहे?"

"ट्यूबला कसली शिवण, काका?"

"चिकटवलेल्यावर माझा विश्वास नाही."

"विश्वास ठेवूही नका. ट्यूब खेळायला ठीक. पोर उलटं झालं की पाय वर राहतात नि डोकं खाली. दंडाचे फुगेही तसेच, ओल्या हातावरून सटकतात. दोन वर्षांच्या आतबाहेरच्या पोराला जॅकेटच घ्या. आणि कुठलंही घेतलं तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे, हे मी प्रत्येकाला सांगते. वजन किती?"

"माझं?"

"बाळाचं हो. तुम्हाला कुठे हे बसणार आहे."

मास्तर हसले आणि सवयीने खिशातली टेप बाहेर आली. वजनाचं त्यांना कळत नसे, पण माप म्हणाल तर रस्त्याने जाणाऱ्या पोराची छाती ते नजरेने सांगत आणि सुताचा फरक पडत नसे. टेप बोटांत धरून त्यांनी नातीला डोळ्यांसमोर आणलं. चेहरा आला. गाल आले, समोरचे दात आले. त्याखाली काही येईना. फोनमध्ये माणूस गळ्यापर्यंतच असतं. खांदे केवढे, हात केवढे, उभी राहिली तर टेबलाच्या कुठवर येते, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"घरी फोन लावून विचारा ना," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोन काढला. मुलाच्या नावापर्यंत गेले. काय विचारायचं? तुझी मुलगी केवढी आहे? सगळ्या गल्लीची मापं ज्यांच्या डोक्यात, त्या माणसाने हे विचारायचं? त्यांनी फोन परत खिशात ठेवला.

"दोन वर्षांची आहे," ते म्हणाले. "साधारण असतात तशीच. हे नको, याच्या पुढचं द्या. वाढत्या अंगाचं."

"काका, पाण्यातली वस्तू अंगाबरोबर लागते. सैल झाली की वर सरकते."

मास्तरांना वाटलं, दुकानदार आणखी काय सांगणार. अंगाबरोबर घेतलं की पुढच्या वर्षी पुन्हा याच काउंटरवर. आणि त्यांच्या मनात आणखीही एक हिशेब चालला होता, तो बाईंना सांगण्यासारखा नव्हता. एवढं फुगीर जॅकेट सामानात कोण कोंबून नेतं? ते इथेच राहणार, मागच्या खोलीत खुंटीवर. तीन उन्हाळे पुरेल असं घेतलं तर तीन उन्हाळे ते इथे असणार. आणि ज्याची वस्तू इथे, त्याला पोहायला इथेच यावं लागणार.

मोठं जॅकेट घेऊन ते घरी आले. चार गिऱ्हाइकांच्या चेनी बाजूला सारल्या, मशीनला जाड सुई लावली, आणि खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांना दुमडी घातल्या. एकीखाली एक, तीन. गणवेशाला घालत तशाच, टीप अशी की एक धागा ओढला की मोकळी व्हावी.

जिन्यात नर्सबाई भेटल्या. झोप झालेली होती, त्यामुळे स्वभावही परत आला होता.

"काय नारिंगी नारिंगी घेऊन निघालात?"

"गुंडीचं आहे. उन्हात धरून बघतो, शिवण दिसते का."

"ही कोण गुंडी?"

"नात. मी म्हणतो तिला असं."

"तिला ठाऊक आहे का?"

"कळेल."

नर्सबाईंनी जॅकेट उचलून पाहिलं. लहान मुलं त्यांच्या हाताखालून रोज जात. "मास्तर, मोठं नाही का वाटत?"

"मोठं नाही. वाढतं आहे."

शनिवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलवर पोहोचले. तलावाच्या कडेला चपला काढायला लावल्या, तेव्हा गुळगुळीत फरशीवर अनवाणी चालताना त्यांना आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं. मुलगा लांब उभा राहून फोनवर बोलत होता, त्याने हात वर केला. सून पुढे आली, वाकून नमस्कार करू लागली तेव्हा मास्तरांच्या काखेतलं जॅकेट मध्ये आलं आणि दोघंही हसली. सुनेच्या गुडघ्यामागून एक डोळा त्यांच्याकडे बघत होता.

"हे बघ, आजोबा आले. फोनमधले आजोबा."

डोळा गुडघ्यामागे गेला.

मास्तर उकिडवे बसले. ती केवढीशी होती. फोनमध्ये तिचा चेहरा सगळी काच व्यापून असे, आणि त्यावरून त्यांनी मनात जी मुलगी कापून ठेवली होती तिच्यात ही दोनदा मावली असती. मनगट तर कात्रीच्या मुठीएवढं.

"घाला ना बाबा, तुम्हीच घाला," सून म्हणाली.

त्यांनी घातलं. कड्या लावल्या, पायांमधला पट्टा ओढला, आणखी ओढला, तो संपला तरी सैलच. कॉलर डोक्याच्या वर उभी राहिली आणि हनुवटी आत गेली. दुमडी घातल्या होत्या तरी काखेत मूठ जात होती. पोरीने आधी हात पसरून पाहिले, मग ओठ काढला, मग रडायला लागली.

फोन संपवून मुलगा आला. "बाबा, हे काय, तंबूत मांजराचं पिल्लू बसवलंय."

तलावावर देखरेख करणारी मुलगी गळ्यात शिट्टी घालून फिरत होती. ती आली, गुडघे टेकून बसली, रडणाऱ्या पोरीला म्हणाली, "एकदाच हं," आणि जॅकेटचे दोन्ही खांदे धरून हलकेच वर उचलले. जॅकेट वर आलं. पोरगी जमिनीवरच राहिली. नारिंगी कडेवर फक्त तिची कपाळावरची बट दिसत होती.

"नाही चालायचं आजोबा. पाण्यात असंच होणार, तोंड आत जाणार." मग तिचं लक्ष पट्ट्यांकडे गेलं. "आणि हे कोणी शिवलंय?"

"मी. धागा पक्का आहे."

"धागा असेल हो पक्का. पण सुई मारलेलं आम्ही पाण्यात जाऊ देत नाही."

सुईच्या भोकाने पट्टा कमजोर होतो हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. शिकायला येणाऱ्या पोरांना ते स्वतः सांगत, भोक एकदा पडलं की पडलं, विचार करून मारा. पण शिवताना त्यांच्या डोळ्यांपुढे पाणी नव्हतंच. उन्हाळे होते.

"बाबा, शिवायला कोणी सांगितलं होतं? साधं दुकानातून आणायचं होतं," मुलगा म्हणाला. रागाने नाही, थकून.

"अहो, असू दे ना," सून म्हणाली. "इथे मिळतं एक."

हॉटेलचं जॅकेट रंग उडालेलं, पण पोरीच्या अंगाला नेमकं. तिला कडेवर घेऊन मुलगा पाण्यात उतरला. आधी तिने त्याच्या मानेला विळखा घातला, मग एक हात सोडला, मग त्या हाताने पाण्यावर चापट्या मारायला लागली. बाप-लेकीचं हसणं तलावभर पसरलं. मास्तर खुर्चीवर बसले होते, मांडीवर नारिंगी जॅकेट. आजूबाजूचे लोक ओले होते. त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा.

सून शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिने पट्टा हातात घेऊन पाहिला. "बाबा, एवढ्या दुमडी कशाला घातल्यात?"

"दर उन्हाळ्याला एक उसवायची," मास्तर म्हणाले. "ही पुढच्या वर्षी. ही त्याच्या पुढच्या. ही त्यानंतर. मग शाळेत जायला लागेल, तेव्हा पोहायला येतच असेल."

ती दुमडीवरून अंगठा फिरवत राहिली. पाण्यातून मुलाने हाक मारली, "बघताय ना?" तिने मान हलवली.

"बाबा, ते संध्याकाळी तुम्हाला सांगणार होते," ती हळूच म्हणाली. "यांना लांब पाठवतायत. दोनदा विमान बदलावं लागतं, इतकं लांब. किती वर्षं ते नक्की नाही. म्हणून तर या वेळी आम्हालाही घेऊन आले."

मास्तरांनी तलावाकडे पाहिलं. मुलगा पोरीला पाण्यावर गोल फिरवत होता.

"कधी?"

"दोन महिन्यांत."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "मोठं काम असेल."

"हो. पगारही वाढणार आहे."

"तिकडे थंडी असते का?"

"असते म्हणतात."

मास्तरांनी खिशातून धागा कापायचं छोटं पातं काढलं. ते नेहमीच त्यांच्याजवळ असे. आणि त्यांनी दुमडी उसवायला घेतल्या. पहिली, मग दुसरी, मग तिसरी. घालताना अख्खी दुपार गेली होती, निघायला काही वेळच लागला नाही. धाग्याचे तुकडे गोळा करून त्यांनी खिशात टाकले, फरशीवर पडू दिले नाहीत. पट्टे सरळ झाले, भोकं राहिली.

"राहू द्यायचं होतं बाबा," सून म्हणाली.

"कोणाच्या उपयोगाचं नव्हतं तसं."

पोरगी थंडीने कुडकुडत बाहेर आली. सुनेने तिला टॉवेलात गुंडाळलं, कोरडे कपडे आणायला खोलीवर जायचं होतं, मुलगा अजून पाण्यात, म्हणून तिने टॉवेलासकट ते गाठोडं मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. पोरगी रडली नाही. आजोबांवर जीव जडला म्हणून नव्हे, मास्तरांची मांडी गरम होती म्हणून. ती त्यांच्या शर्टाला टेकली आणि इस्त्री ओली झाली. मास्तर हललेही नाहीत, चिमणी खिडकीत येऊन बसली की माणूस हलत नाही तसे.

थोड्या वेळाने तिनेच त्यांच्या खिशातून लोंबणारं टेपचं टोक ओढलं. टेप लांब लांब येत गेली तशी तिला गंमत वाटली. मास्तरांनी तिला पुढ्यात उभं केलं. "हात वर," ते म्हणाले, आणि तिने केले, जणू रोज मापं देते. छाती घेतली. खांदा घेतला. डोक्यापासून टाचेपर्यंत उंची घेतली. सैलपणासाठी टेपखाली बोट न घालता, अगदी अंगाबरोबर. प्रत्येक आकडा ते सवयीने मोठ्याने म्हणाले. पूर्वी असं म्हटलं की पडद्याआडून मापं लिहून घेणारी बायको "हं" म्हणायची. इथे पोरगीच प्रत्येक आकड्याला "हं" म्हणत होती.

"गुंडी," त्यांनी तिला म्हणून पाहिलं.

तिने वळून पाहिलं नाही. ती टेप गुंडाळण्यात गुंतली होती.

सून कपडे घेऊन आली, मुलगाही अंग पुसत आला. बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. तो खुर्ची ओढून बापासमोर बसला आणि बराच वेळ केस पुसत राहिला.

"मीच सांगणार होतो बाबा."

"कळलं. बरं झालं."

"जॅकेटचं मघाशी बोललो ते..."

"चूक माझीच होती. मोठं घेतलं मी."

मुलाने टॉवेल खांद्यावर टाकला. म्हणाला, "फोन तर होईलच, रोज दिसेल ती तुम्हाला. आणखी काही लागलं तर सांगा. वरचं काम करायला माणूस ठेवू? मोठा फोन घेऊन देऊ? तुम्हाला काय हवं ते सांगा, आज सांगा."

"माणूस नको. फोन आहे तो पुरे. त्यात तिचं तोंड दिसतं."

"मग?"

मास्तरांनी नातीच्या मुठीतून टेप अलगद सोडवून घेतली, नीट गुंडाळली.

"घरी टेप असते का तुमच्याकडे?"

"असेल. नसली तर घेऊ," सून म्हणाली. "तिच्यासाठी काही शिवायचंय का, बाबा?"

"शिवेन, न शिवेन. ते नाही," मास्तर म्हणाले. "महिन्यातून एकदा तिचं माप घ्या आणि मला फोनवर सांगा. छाती, खांदा, उंची. तेवढं करा."